एम्बेडेड उपकरणांच्या प्रारंभकालीन स्वास्थ्याचे निरीक्षण : स्वरूप, साधने आणि मर्यादा

बीजसंज्ञा : एम्बेडेड प्रणाली, बूट प्रक्रिया, वॉचडॉग टायमर, रिसेट-कारण, बूट-गणक, स्पिरिट रोव्हर

प्रस्तावना

संगणक म्हटला की पडदा, कळफलक आणि त्यांच्यासमोर बसलेला माणूस असे चित्र आजही डोळ्यांसमोर उभे राहते. वीजमीटर, मोटारीतील इंजिन-नियंत्रक, रुग्णालयातील सलाइनचा पंप, घरातील राउटर यांच्या पोटात असलेले संगणक मात्र या चित्रात बसत नाहीत. त्यांना पडदा नसतो, बहुधा कळफलकही नसतो आणि एकच ठरावीक काम ते वर्षानुवर्षे करीत राहतात. अशा संगणकांना एम्बेडेड प्रणाली म्हणतात. 'अंतःस्थापित प्रणाली' असा मराठी पर्याय देता येईल. परंतु प्रयोगशाळेत आणि अभ्यासक्रमात रूढ झालेला शब्दच प्रस्तुत लेखात वापरला आहे.

टेबलावरचा संगणक सकाळी सुरू झाला नाही, तर ते माणसाला दिसते. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीत वीजपुरवठा मिळताच स्वयंचाचणी होत असे आणि सारे ठीक असल्यास एक छोटी शिटी वाजत असे. दोष असेल तर शिट्यांचा क्रम बदले. ही योजना साधी व परिणामकारक होती, परंतु ती एका गृहीतकावर उभी होती : शिटी ऐकणारा कान जवळ आहे. एम्बेडेड उपकरणांच्या बाबतीत नेमके हेच गृहीतक कोसळते. खांबावरच्या पेटीतील नियंत्रक रात्री तीन वाजता पुन्हा सुरू झाला, अर्ध्यावर अडकला, पुन्हा सुरू झाला, तर ते कोणाला कळणार? उपकरण सुरू होताना सुस्थितीत सुरू झाले की नाही, हे उपकरणानेच स्वतःपुरते ठरवायचे असते आणि त्याचा पुरावाही त्यानेच जपून ठेवायचा असतो. ज्याच्या प्रकृतीविषयी शंका आहे त्यालाच वैद्य नेमण्यासारखे हे आहे. प्रस्तुत विषयातील जवळपास सर्व अडचणी या एका विसंगतीतून उद्भवतात.

प्रारंभाचे टप्पे आणि पहिला साक्षीदार

उपकरण सुरू होणे ही एक घटना नसून घटनांची साखळी आहे. वीजदाब स्थिर होईपर्यंत प्रोसेसर रिसेट अवस्थेत धरून ठेवला जातो. त्यानंतर चिपमध्येच कोरलेला छोटा प्रोग्राम चालतो. तो बूटलोडरला मेमरीत आणतो, बूटलोडर रॅम सिद्ध करून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, उचलतो. कर्नल फाइल व्यवस्था जोडतो व पहिली प्रक्रिया सुरू करतो. सरतेशेवटी ज्यासाठी हे सारे केले तो मूळ कामाचा प्रोग्राम चालू होतो. लहान मायक्रोकंट्रोलरमध्ये यांपैकी मधले टप्पे गळतात, इतकेच. प्रत्येक टप्पा पुढच्याला जन्म देऊन स्वतः बाजूला होतो. त्यामुळे पाचव्या टप्प्यात बिघाड झाला, तर तो सांगायला दुसरा टप्पा जागेवर उरलेला नसतो.

या साखळीत सर्वांत आधी बोलू शकणारा साक्षीदार म्हणजे रिसेटचे कारण नोंदवणारे रजिस्टर होय. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून सर्वपरिचित असलेल्या आर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८ या चिपमध्ये अशा चार खुणा असतात : वीज नव्याने मिळाली, बाहेरून रिसेटची कळ दाबली गेली, वीजदाब मध्येच खाली गेला, किंवा वॉचडॉगने रिसेट केले. चार बिटांची ही माहिती फुकट मिळते. तरीही विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ती क्वचितच वाचली जाते. ती प्रोग्रामच्या अगदी सुरुवातीलाच वाचावी लागते आणि वाचल्यावर पुसावी लागते, अन्यथा पुढच्या वेळी जुनी खूण व नवी खूण एकमेकांत मिसळतात. काही बूटलोडर मूळ प्रोग्रामला संधी मिळण्यापूर्वीच ही नोंद पुसून टाकतात, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

वीजदाब खाली गेल्याची खूण आपल्याकडे विशेष मोलाची आहे. भारनियमन आणि वारंवार लुकलुकणारी वीज हा ज्या भागाचा नित्याचा अनुभव आहे, तेथे उपकरण दिवसातून दहा वेळा पुन्हा सुरू झाले म्हणजे ते आजारी आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. पुन्हा सुरू होण्याची केवळ संख्या मोजणारी यंत्रणा येथे फसते. कारणासह मोजणारी यंत्रणा फसत नाही.

वॉचडॉग : पहारेकरी आणि त्याचे दोष

वॉचडॉग टायमर हे या क्षेत्रातील सर्वांत जुने व सर्वांत विश्वासाचे साधन होय. तत्त्व असे की, प्रोसेसरपासून स्वतंत्रपणे चालणारे एक घड्याळ शून्याकडे मोजत राहते. प्रोग्राम सुरळीत चालत असेल तर तो ठरावीक अंतराने हे घड्याळ मागे सारतो. प्रोग्राम अडकला, तर घड्याळ शून्यावर पोहोचते आणि संपूर्ण उपकरण रिसेट होते. एटीमेगा३२८ मध्ये ही मुदत जास्तीत जास्त सुमारे ८ सेकंद ठेवता येते.

या साधनाचा गैरवापर मात्र सहज होतो. एक नेहमीची चूक अशी की, वॉचडॉगला मागे सारण्याचे काम टायमरच्या इंटरप्टमध्ये टाकले जाते. मुख्य प्रोग्राम पार अडकला तरी इंटरप्ट चालूच राहतो आणि पहारेकऱ्याला 'सारे ठीक आहे' असे सांगत राहतो. मालक बेशुद्ध पडला असता नोकराने दारातूनच खुशाली कळवावी, असा हा प्रकार आहे. प्रत्येक महत्त्वाच्या कार्याने आपापली हजेरी लावावी आणि सर्वांची हजेरी पूर्ण झाली तरच वॉचडॉग मागे सारला जावा, ही रचना थोडी कष्टाची असली तरी तीच योग्य होय.

दुसरा दोष प्रारंभाशीच निगडित आहे. एटीमेगा३२८ मध्ये वॉचडॉगने रिसेट केल्यानंतर वॉचडॉग बंद होत नाही. तो चालूच राहतो आणि त्याची मुदत मात्र सर्वांत लहान, म्हणजे सुमारे १६ मिलिसेकंद होते. प्रोग्रामने सुरुवातीलाच रिसेटची खूण पुसून वॉचडॉगची मांडणी बदलली नाही, तर उपकरण पूर्ण सुरू होण्याआधीच पुन्हा रिसेट होते आणि हे चक्र वीज तोडेपर्यंत थांबत नाही. रक्षणासाठी नेमलेले साधनच येथे उपकरणाला जागे होऊ देत नाही.

वॉचडॉगच्या मर्यादेचे सुप्रसिद्ध उदाहरण मार्स पाथफाइंडर या यानाचे आहे. हे यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले आणि काही दिवसांतच त्याचा संगणक अधूनमधून रिसेट होऊ लागला. हवामानाच्या नोंदी घेणारे कमी अग्रक्रमाचे कार्य एक सामायिक कुलूप धरून बसे. मधल्या अग्रक्रमाची कार्ये त्याला बाजूला सारत. परिणामी त्याच कुलपासाठी थांबलेले उच्च अग्रक्रमाचे कार्य वेळेत पूर्ण होत नसे. वेळ चुकल्याचे लक्षात येताच संरक्षक यंत्रणा संगणक रिसेट करी. अग्रक्रमाच्या या उलथापालथीचा शोध पृथ्वीवरील प्रतिकृतीवर लागला आणि कुलपाच्या मांडणीतील एक पर्याय चालू करून दोष दूर झाला. पाथफाइंडरच्या बाबतीत रिसेट उपयोगी पडला, कारण रिसेटनंतर यान दर वेळी सुस्थितीत सुरू होत असे. त्या दिवसाचे उरलेले काम बुडे, एवढेच. दोषाचे कारण रिसेटने पुसले जात असेल तरच रिसेट हा उपाय ठरतो. कारण स्वतः टिकाऊ मेमरीत जाऊन बसले असेल तर काय घडते, हे साडेसहा वर्षांनी त्याच ग्रहावर दिसले.

स्पिरिट : जागे होण्यातच अडकलेले यान

स्पिरिट हे रोव्हर ४ जानेवारी २००४ रोजी मंगळावरील गुसेव्ह विवरात उतरले. त्याच्या संगणकात १२८ मेगाबाइट रॅम, २५६ मेगाबाइट फ्लॅश मेमरी आणि व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टीम होती. आजच्या कोणत्याही साध्या मोबाइलपुढे हे आकडे किरकोळ वाटतील. २१ जानेवारीला रोव्हरशी होणारा संपर्क विस्कळीत झाला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेराजवळच्या केंद्राच्या परिसरात त्या वेळी वादळी पाऊस होता. त्यामुळे प्रारंभी दोष पावसाला दिला गेला. दुसऱ्या दिवशी रोव्हरकडून आज्ञा पोहोचल्याची केवळ एक साधी खूण मिळाली, माहिती नाही. २३ जानेवारीला काही मिनिटे सेकंदाला १० बिट आणि नंतर १२० बिट या वेगाने माहिती आली. सेकंदाला १० बिट म्हणजे सेकंदाला जेमतेम एक अक्षर.

एवढ्या तुटपुंज्या पुराव्यावरून जे चित्र उभे राहिले ते असे : रोव्हर पुनःपुन्हा सुरू होत होते आणि प्रारंभ पूर्ण होण्याआधीच पुन्हा रिसेट होत होते. अशा साठाहून अधिक फेऱ्या झाल्या होत्या. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ते रात्री झोपत नव्हते. रोव्हर सौरऊर्जेवर चालत असे; रात्री संगणक बंद करून बॅटरी राखणे हा त्याच्या जगण्याचा नियम होता. बंद होण्याची प्रक्रियाही त्याच बिघडलेल्या व्यवस्थेत अडकत असल्याने ते जागेच राही आणि बॅटरी उतरत जाई. प्रश्न केवळ माहितीच्या हानीचा उरला नव्हता. यान कायमचे गमावण्याची वेळ जवळ येत होती.

मूळ कारण नंतर स्पष्ट झाले. फ्लॅशवरील फाइल व्यवस्था प्रत्येक निर्देशिकेची रचना रॅममध्ये उतरवून ठेवत असे. फाइल पुसली तरी निर्देशिकेतील तिची जागा आकुंचन पावत नसे. सुमारे सात महिन्यांच्या प्रवासात आणि उतरल्यानंतरच्या अठरा मंगळदिवसांत फायलींची संख्या वाढत गेली आणि त्यांच्या निर्देशिकांना लागणारी रॅमही वाढत गेली. यात दोन मांडणी-चुकांची भर पडली. एकीमुळे फाइल व्यवस्थेला हवी तितकी रॅम मागण्याची मुभा होती. दुसरीमुळे रॅम न मिळाल्यास मागणाऱ्या कार्याला नकार कळण्याऐवजी ते कार्य जागच्या जागी स्थगित होत असे. स्थगित झालेले कार्य आपल्या हातातील कुलूप सोडत नाही. त्यामुळे इतर कार्ये खोळंबली, संरक्षक यंत्रणेने हे ओळखले आणि नियमाप्रमाणे संगणक रिसेट केला. सुरू होताना पहिले महत्त्वाचे काम म्हणजे फ्लॅशवरील फाइल व्यवस्था जोडणे. ती जोडण्यासाठी तेवढीच रॅम पुन्हा लागली, ती पुन्हा मिळाली नाही, आणि चक्र पूर्ण झाले.

येथे प्रत्येक सुटा भाग आपापल्या नियमानुसार वागत होता, हे मुद्दाम नमूद केले पाहिजे. फ्लॅशची चिप खराब झालेली नव्हती. संरक्षक यंत्रणेनेही आपले काम चोख केले. तिला फक्त एक गोष्ट ठाऊक नव्हती : याच कारणासाठी आपण याआधीही रिसेट केले आहे. तिला चालू क्षण कळत होता, मागील फेऱ्यांचा इतिहास कळत नव्हता. जमिनीवरील चाचण्या इतके दिवस सलग चालल्या नव्हत्या, त्यामुळे फायली साठत जाण्याचा परिणाम तेथे दिसला नाही. फायलींचा हा भार आधीच लक्षात आला होता आणि जुन्या फायली काढून टाकणारा प्रोग्राम दोन भागांत पाठवण्यातही आला होता; त्यातला एक भाग नीट पोहोचला नाही आणि तो पुन्हा पाठवण्याआधीच संकट ओढवले, ही या प्रकरणातील सर्वांत हळहळ लावणारी बाब म्हणावी लागेल.

सुटका झाली ती रचनाकारांनी आधीच ठेवलेल्या एका आडवाटेने. फ्लॅशला हात न लावता, रॅममध्येच तात्पुरती फाइल व्यवस्था उभारून सुरू होण्याची सोय रोव्हरमध्ये होती. अभियंते तिला पांगळी अवस्था म्हणत. २४ जानेवारीला त्या अवस्थेत सुरू होण्याची आज्ञा पाठवण्यात आली आणि रोव्हर स्थिरावले. पुढे फ्लॅशमधील माहिती तपासून, हवी ती पृथ्वीवर आणून, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास फ्लॅश नव्याने सिद्ध करण्यात आली. याच दरम्यान, २५ जानेवारीला, ऑपॉर्च्युनिटी हे जुळे रोव्हर मंगळाच्या दुसऱ्या बाजूस उतरले होते. त्याच्यातही हाच प्रोग्राम असल्याने हा धडा वेळेत मिळाला. तीन महिन्यांसाठी पाठवलेल्या स्पिरिटशी शेवटचा संपर्क २२ मार्च २०१० रोजी झाला.

इतिहास लक्षात ठेवणारा गणक

स्पिरिटच्या संरक्षक यंत्रणेत जे नव्हते, ते आजच्या एम्बेडेड लिनक्सच्या जगात सर्रास उपलब्ध आहे. यू-बूट या मुक्त बूटलोडरमध्ये 'बूटकाउंट' नावाचा गणक असतो. दर प्रारंभी बूटलोडर तो एकाने वाढवतो. उपकरण पूर्णपणे सुरू झाल्यावर मुख्य प्रोग्रामने तो शून्यावर आणायचा असतो. गणक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, तर बूटलोडर नेहमीची आज्ञा सोडून पर्यायी आज्ञा चालवतो. म्हणजे पांगळ्या अवस्थेत जाण्याचा निर्णय पृथ्वीवरच्या माणसाऐवजी उपकरण स्वतः घेते. अनेक उपकरणांत प्रणालीच्या दोन प्रती शेजारी-शेजारी ठेवलेल्या असतात. नवी प्रत काही प्रयत्नांत यशस्वीपणे सुरू झाली नाही, तर जुनी प्रत पुन्हा गादीवर येते. अँड्रॉइडने २०१६ मधील सातव्या आवृत्तीपासून ही दुहेरी रचना उपलब्ध करून दिली आणि तिच्यात प्रत्येक प्रतीसाठी उरलेल्या प्रयत्नांची संख्या व यशाची खूण नोंदवली जाते.

गणक कोठे ठेवावा हा प्रश्न वाटतो तितका गौण नाही. वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या रजिस्टरमध्ये तो ठेवला, तर लुकलुकत्या विजेत तो पुनःपुन्हा शून्यावर येतो. टिकाऊ मेमरीत ठेवला, तर झिजेचा प्रश्न उभा राहतो. एटीमेगा३२८ मधील ईईप्रॉमच्या एका जागेवर सुमारे १,००,००० वेळा लिहिता येते असे उत्पादक सांगतो. उपकरण दर ८ सेकंदांनी रिसेट होण्याच्या चक्रात सापडले आणि दर फेरीला एकदा गणक लिहिला गेला, तर दिवसाला १०,८०० वेळा लिहिले जाईल. सव्वानऊ दिवसांत ती जागा आपले आयुष्य संपवील. आजाराची नोंद ठेवणारी वहीच आजारात झिजून जाते. एका जागेऐवजी अनेक जागांवर आळीपाळीने लिहिणे आणि मर्यादा गाठल्यावर लिहिणे थांबवणे, हे दोन उपाय येथे पुरेसे होतात.

स्वस्थ कोणाला म्हणावे?

गणक शून्यावर आणण्याचा अधिकार नेमका कोणत्या क्षणी मिळावा? तांत्रिक दृष्ट्या सर्वांत सोपा आणि विचार करू जाता सर्वांत अवघड असा हा प्रश्न आहे. कर्नल सुरू होताच गणक शून्य केला, तर नंतर मुख्य प्रोग्राम कोसळला तरी उपकरण स्वतःला निरोगीच समजेल. सर्व काही तपासून मगच शून्य करायचे म्हटले, तर 'सर्व काही' या शब्दांत काय काय येते ते ठरवावे लागते.

सिस्टिमडी या प्रणालीत प्रारंभ यशस्वी झाल्याचे दर्शवणारा एक स्वतंत्र टप्पा आहे. हव्या त्या तपासण्या त्याच्या आधी गुंफता येतात आणि त्या पार पडल्यावरच बूट यशस्वी ठरतो. फेडोराच्या आयओटी आवृत्तीतील ग्रीनबूट ही व्यवस्था आवश्यक तपासण्या आणि केवळ इशारा देणाऱ्या तपासण्या असा भेद करते. हा भेद फार उपयुक्त आहे. समजा, दूरच्या सर्व्हरशी संपर्क होणे ही आवश्यक तपासणी ठरवली आणि एखाद्या रात्री सर्व्हरच बंद पडला. अशा वेळी शेकडो निरोगी उपकरणे स्वतःला आजारी ठरवून पुनःपुन्हा सुरू होऊ लागतील, किंवा चांगली प्रत टाकून जुन्या प्रतीकडे वळतील. फाइल व्यवस्थेत लिहिता येते का, पुरेशी रॅम मोकळी आहे का, सेन्सर उत्तर देतो का, या बाबी उपकरणाच्या स्वतःच्या आहेत. जाळे आणि सर्व्हर या परक्या बाबी आहेत. त्यांची नोंद घ्यावी, पण त्यांच्यावरून शिक्षा देऊ नये.

होय-नाही या उत्तरापेक्षा वेळेची नोंद कित्येकदा अधिक बोलकी असते. काल १२ सेकंदांत सुरू होणारे उपकरण आज १९ आणि महिन्याने ३० सेकंद घेऊ लागले, तर प्रत्येक तपासणीत उत्तीर्ण होऊनही ते कशाने तरी ग्रासले आहे हे उघड आहे. लिनक्समधील सिस्टिमडीची विश्लेषक आज्ञा कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते क्रमाने दाखवते. मात्र ज्या उपकरणांत बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते, त्यांच्या नोंदींतील तारखा सुरुवातीला खोट्या असतात. अनेकदा त्या १ जानेवारी १९७० पासून सुरू होतात. म्हणून प्रत्येक नोंदीवर तारखेऐवजी बूटचा अनुक्रमांक आणि प्रारंभापासून लोटलेले सेकंद लिहिणे अधिक विश्वसनीय होय.

ज्या पांगळ्या अवस्थेने स्पिरिट वाचले, तिची कथा तेथे संपली नाही. २०१४ साली ऑपॉर्च्युनिटीच्या फ्लॅश मेमरीतही दोष दिसू लागले आणि रिसेट वाढले. या वेळी मेमरी खरोखरच झिजली होती. फ्लॅश नव्याने सिद्ध करूनही पूर्ण गुण आला नाही, तेव्हा संकटकाळासाठी राखलेली तीच अवस्था नित्याच्या कामासाठी वापरण्याचा निर्णय झाला. रॅममध्ये साठवलेली माहिती संगणक बंद होताच नष्ट होते. म्हणून दिवसभरात जमवलेली माहिती झोपण्यापूर्वी पाठवून देण्याचा क्रम रोव्हरने अंगीकारला. १० जून २०१८ रोजी धुळीच्या वादळात त्याच्याकडून शेवटचा संदेश आला, तेव्हा तीन महिन्यांसाठी उतरलेल्या त्या यंत्राला मंगळावर चौदा वर्षे पूर्ण झाली होती.